गार करून पुन्हा तापवणे : एका मॉडेलची उलटतपासणी



आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हांला एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, निवृत्तीनंतर एसी दुरुस्त करायला लागलात की काय?" आम्ही म्हटलं, दुरुस्त नाही करत, तो बिघडलाय असं म्हणणाऱ्यांचं तर्कशास्त्र दुरुस्त करतोय. (हशा)

विषय वरवर तांत्रिक आहे. इमारत बांधायच्या आधी तिचं एक मॉडेल संगणकात तयार करतात. भिंती, काचा, माणसं, दिवे, यंत्रं, हवा फिरवणारी यंत्रणा हे सगळं आकड्यांनी भरायचं, त्यावर गावाच्या हवामानाचं एक वर्ष सोडायचं आणि ८,७६० तासांत वीज किती लागेल ते वाचायचं. याला सिम्युलेशन म्हणतात. या मॉडेलमध्ये वारंवार एक विचित्र गोष्ट दिसते : भर उन्हाळ्यात यंत्रणा हवा आधी गार करते आणि लगेच तीच हवा पुन्हा तापवते. त्या तापवण्याला रीहीट म्हणतात. ते दिसलं की माणसं दचकतात आणि ते 'घालवायच्या' मागे लागतात. या घालवण्याच्या पद्धतीवर आमची टीका आहे.

हा विषय नाशिक रोडला बोलण्याजोगा का, तेही सांगतो. आपलं हे उपनगर छापखान्यांच्या आधाराने वाढलं. मुद्रांक आणि टपाल तिकिटांचा छापखाना १९२५च्या सुमाराचा, नोटांचा १९२८चा. आणि वातानुकूलन नावाची गोष्ट जन्माला आली तीही एका छापखान्यातच. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सॅकेट-विल्हेल्म्स नावाचा रंगीत छपाईचा कारखाना होता. रंगीत छपाईत एकच कागद यंत्रातून पुन्हा पुन्हा जातो, प्रत्येक रंगासाठी एकदा. दमट दिवशी कागद हवेतला ओलावा पितो आणि किंचित फुगतो, कोरड्या दिवशी आकसतो. मग लाल रंग एका जागी आणि निळा केसभर बाजूला. विलिस कॅरियर नावाच्या पंचविशीतल्या इंजिनिअरकडे हा प्रश्न आला. त्याने हवा थंड नळ्यांवरून नेऊन तिच्यातलं पाणी काढायची यंत्रणा आखली. म्हणजे पहिली वातानुकूलन यंत्रणा माणसाला गारवा मिळावा म्हणून नव्हती, कागदाला ओल लागू नये म्हणून होती. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता रीहीट म्हणजे काय ते नीट समजून घेऊ. फ्रीजमधली बाटली पावसाळ्यात टेबलावर ठेवली की तिला बाहेरून घाम फुटतो. ते पाणी बाटलीतलं नसतं, हवेतलं असतं. हवेतलं पाणी काढायचा सगळ्यात रुळलेला मार्ग तोच : तिला दवबिंदूच्या खाली गार करा. समजा, छपाईच्या दालनात २३ अंश तापमान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता हवी आहे. अशा हवेचा दवबिंदू १२ अंशांच्या आसपास येतो. म्हणून हवा निदान १२ अंशांपर्यंत खाली न्यावी लागते. दालनात दारातून, माणसांच्या श्वासातून, ओलसर रिळांतून आणखी ओलावा शिरत असेल तर १२ अंशही पुरत नाहीत, त्याखाली जावं लागतं.

दालनात यंत्रं जोरात चालू असली, त्यांची उष्णता भरपूर असली, तर एवढी गार हवा खपून जाते. यंत्रं बंद असली तर? हवेतून ओल काढायची तर ती १२ अंशांपर्यंत न्यायलाच हवी. आणि तशीच आत सोडली तर दालन २३वरून घसरत १८ अंशांवर येईल. आणि गंमत बघा. दालन १८ अंशांवर आलं की तेवढ्याच पाण्याच्या वाफेची सापेक्ष आर्द्रता ५०वरून ६८ टक्क्यांवर जाते. हवेतलं पाणी वाढलं नाही, हवेची ते धरून ठेवायची ताकद कमी झाली. कागदाला कळते ती सापेक्ष आर्द्रता. म्हणजे जास्त गार केलं तर कागद जास्त ओला! म्हणून १२ अंशांची हवा १८ अंशांपर्यंत तापवून आत सोडतात. हे रीहीट.

याची किंमत किती? सेकंदाला एक किलो हवा धरू. २७ अंश आणि ६० टक्के आर्द्रतेची हवा १२ अंशांपर्यंत न्यायला साधारण २७-२८ किलोवॉट उष्णता काढावी लागते. पुन्हा सहा अंश तापवायला फक्त ६ किलोवॉट. वाटतं, एवढंसं तर आहे. पण थांबा. गार करणारं यंत्र एक युनिट वीज खाऊन तीनेक युनिट उष्णता बाहेर फेकतं. तेव्हा २८ किलोवॉटला वीज लागली ९ किलोवॉटच्या आसपास. तापवणारी विजेची कॉइल मात्र सहाला सहाच खाते. पंधरातले सहा : सुमारे ४० टक्के वीज त्या शेवटच्या 'एवढ्याशा' सहा अंशांना. आणि ती वीज येते कुठून? आपल्या एकलहऱ्याच्या केंद्राकडे बघा. कोळशाच्या केंद्रात ढोबळमानाने तीन हिस्से उष्णता जाळावी तेव्हा एक हिस्सा वीज मिळते. उष्णतेची वीज करायची, तारेवरून पाठवायची आणि दुसऱ्या टोकाला तिची परत उष्णता करायची, तीही नुकत्याच गार केलेल्या हवेला द्यायला. तेव्हा रीहीट पाहून माणसं दचकतात, यात त्यांची चूक नाही. दचकायलाच हवं. प्रश्न दचकल्यानंतर काय करायचं हा आहे.

आता आमच्यापर्यंत हा विषय आला कसा ते सांगतो. आमच्या शेजारची एक मुलगी हेच काम करते. लहानपणी आमच्याकडे संस्कृतचे श्लोक पाठ करायला यायची. एका संध्याकाळी लॅपटॉप घेऊन आली. "काका, तुम्ही आयुष्यभर चुका शोधायला शिकवलंत ना? मग ही शोधून द्या." छपाईच्या एका नव्या दालनाचं मॉडेल होतं, ६०० चौरस मीटरचं. मे महिना, बाहेर चाळीस अंश, आणि आलेखात रीहीटची तांबडी रेघ रोज संध्याकाळी वर चढून रात्रभर तशीच. तिच्या वरिष्ठांनी सांगितलं होतं, "कॉइल काढून टाक. नाशिकला हीटर कशाला?" ती म्हणाली, "काढली की आलेख स्वच्छ होतो. पण मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगता येत नाही."

आम्हांला त्या सॉफ्टवेअरचं ओ की ठो कळत नव्हतं. पण 'का पटत नाही ते सांगता येत नाही' हे वाक्य आमच्या धंद्यातलं आहे.

वरिष्ठांचं अनुमान मांडून बघू : जिथे जिथे गरम हवामानात रीहीट दिसतं, तिथे तिथे मॉडेलमध्ये चूक असते, इथे ते दिसतंय, म्हणून इथे चूक आहे. आपल्या न्यायशास्त्रात अशा अनुमानाची एक जुनी परीक्षा आहे. धुरावरून अग्नीचं अनुमान बरोबर. पण उलटं, अग्नीवरून धुराचं अनुमान करता येत नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा घ्या : अग्नी आहे, धूर नाही. मग अग्नीबरोबर धूर दिसतो तो कधी? इंधन ओलं असेल तेव्हा. ही जी मधली लपलेली अट, तिला नैयायिक उपाधी म्हणतात. ओल्या इंधनाची उपाधी ध्यानात न घेता 'अग्नी तिथे धूर' म्हणणारा फसतो. आम्ही त्या मुलीला म्हटलं, "बाई गं, तुझ्याही प्रश्नात उपाधी ओलावाच दिसतेय." रीहीट हवेतली ओल काढण्याच्या पोटी आलं असेल तर ती चूक नव्हे, ते काम आहे. ओल काढायची गरज नसताना आलं असेल तर चूक. आलेखावर दोन्ही रेघा सारख्याच तांबड्या दिसतात. कॉइल काढली की दोन्ही एकदमच जातात. साप आणि दोरी दोन्ही एकाच काठीने. वरिष्ठांचा उपाय म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मग वेगळं कसं करायचं? इथेही जुनंच साधन : अन्वय आणि व्यतिरेक. एक गोष्ट असताना परिणाम असतो का, ती नसताना नसतो का. मिलने १८४३च्या आपल्या तर्कग्रंथात याच जातीच्या पद्धती सांगितल्या. नियम एकच : एका वेळी एकच आकडा बदलायचा. ऐकायला सोपं आहे, पण कामाच्या घाईत कोणी पाळत नाही. माणसं एकदम पाच आकडे बदलतात, रेघ खाली येते, आणि कोणत्या आकड्याने आली ते कोणालाच कळत नाही. औषधं पाच, ताप उतरला, श्रेय कोणाला?

ती तीन आठवडे रोज रात्री एकेक बदल करून बघत होती आणि रविवारी आमच्याकडे हिशोब मांडत होती. काय निघालं ते क्रमाने सांगतो.

पहिला संशय थर्मोस्टॅटवर. गार करणं २३ अंशांना सुरू, तापवणं २२.५ अंशांना. दोन्हींत अर्ध्या अंशाचं अंतर. दार उघडलं, यंत्र थांबलं, की दालन या काठावरून त्या काठावर. तिने तापवण्याचा आकडा खाली आणला. रीहीट थोडं कमी झालं, गेलं नाही. म्हणजे हे कारण होतं, पण मुख्य नव्हतं.

दुसरा संशय वेळापत्रकावर. मॉडेल तयार करताना तिने कार्यालयाचा तयार साचा घेतला होता, कारण तो हाताशी होता. त्या साच्यात संध्याकाळी सहानंतर यंत्रांची उष्णता शून्य. प्रत्यक्षात तिथे दोन पाळ्या चालणार होत्या. दुसऱ्या पाळीची उष्णता भरल्यावर संध्याकाळची रेघ गेली. रात्रीची राहिली.

तिसरं कारण सगळ्यात खोल दडलेलं होतं. या यंत्रणेत दालनाच्या तोंडाशी एक डँपर असतो, म्हणजे हवेची झडप. गरज कमी झाली की तो मिटत जातो. पण त्याला एक किमान मर्यादा असते. माणसांना ताजी हवा मिळाली पाहिजे म्हणून तो त्याखाली मिटत नाही. गरज त्या मर्यादेच्याही खाली गेली की हवा कमी करता येत नाही. मग उरतो तो एकच मार्ग, हवा तापवणं. आकड्यांत बघा. पूर्ण उघडा असताना सेकंदाला ४ किलो हवा. पंख्याच्या उष्णतेने अंशभर तापून ती जाळीतून १३ अंशांना पडते, दालनापेक्षा १० अंश गार. म्हणजे ४० किलोवॉट गारवा. डँपर निम्म्यावर अडकला तर २० किलोवॉट गारवा मिळणारच, हवा असो वा नसो. रात्री दालनाची गरज ८ किलोवॉट. उरलेले १२ किलोवॉट रीहीटने परत भरायचे. कोणाचंच काम नाही ते. नुसता नळ आणि मोरी.

आता डँपर निम्म्यावर का अडकला? साचा कार्यालयाचा, म्हणून दर १० चौरस मीटरला एक माणूस, एकूण ६० माणसं. पुरवठ्याच्या हवेत ताजी हवा एक तृतीयांश, बाकी फिरवलेली. त्या मिश्रणातून ६० जणांना पुरेशी ताजी हवा पोचवायची तर डँपर निम्म्याहून अधिक उघडा ठेवावाच लागतो. ती संगणकाने आपली आपण काढलेली मर्यादा होती; कुठे टंकलेली नव्हती, म्हणून डोळ्यांना दिसत नव्हती. आणि छपाईच्या दालनात माणसं किती? बारा. साठचे बारा केले आणि मे महिन्याच्या रात्रीची तांबडी रेघ नाहीशी झाली.

म्हणजे तक्रार रीहीटची, आणि चूक माणसं मोजण्यात! पिएर द्यूएम नावाच्या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकाने १९०६ साली म्हटलं होतं ते हेच : प्रयोग फसला की एकटं गृहीतक फसत नाही, गृहीतकांचा सगळा घोळकाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, त्यातला गुन्हेगार कोण हे प्रयोग आपण होऊन सांगत नाही. ते शोधायला माणूसच लागतो, आणि त्याला वेळ लागतो.

पण कथा इथे संपत नाही, आणि आमचा खरा मुद्दा इथेच आहे. मे स्वच्छ झाला, पण जुलै-ऑगस्टची रेघ जागची हलली नाही. थर्मोस्टॅट, वेळापत्रक, माणसं, काहीही बदला. पावसाळी रात्री रीहीट कायम. मग तिने उलटी परीक्षा घेतली : आर्द्रतेची अट काढून टाकली. रेघ गेली. अट परत घातली, रेघ आली. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही जुळले. हे रीहीट खोटं नव्हतं. ते नाशिकच्या पावसाळ्याचं आणि कागदाच्या स्वभावाचं म्हणणं होतं. मॉडेल चुकत नव्हतं. मॉडेल सांगत होतं की या दालनाला पावसाळ्यात एवढी किंमत मोजावी लागेल.

आता कल्पना करा, पहिल्याच दिवशी कॉइल काढली असती तर. मे महिन्याची खोटी साक्ष गेली असती आणि पावसाळ्याची खरी साक्षही गेली असती. नकाशातून कॉइल वगळली जाती, दालन उभं राहतं, आणि पहिल्या जुलैत तिथला कामगार स्वेटर घालून ६८ टक्के ओलाव्यात फुगलेले कागद मोजत बसता. मग कोणी तरी बाजारातून हीटर आणून कोपऱ्यात लावता. म्हणजे रीहीट आलंच असतं. फक्त ते नकाशात नसतं, हिशोबात नसतं आणि कोणाच्या ताब्यात नसतं.

आमची टीका एका वरिष्ठावर नाही. त्यांनी जे केलं ते करायला सगळी रीतच उत्तेजन देते. ती रीत तीन ठिकाणी तपासू.

पहिली जागा, अपुऱ्या तासांचा नियम. मॉडेल ग्राह्य धरायचं तर दालनाचं तापमान ठरल्याप्रमाणे न राहिलेले तास मोजतात, आणि प्रचलित अमेरिकी मानकाप्रमाणे ते वर्षात ३०० च्या वर जाता कामा नयेत. नियम चांगला आहे. पण तो तापमानाचे तास मोजतो. आर्द्रता बिघडली तर तिचा तास त्या रकान्यात पडत नाही. म्हणजे बघा : कॉइल काढली, वर तापवण्याचा थर्मोस्टॅटही १० अंशांवर नेऊन ठेवला, की दालन १८ अंशांवर गेलं तरी अपुरे तास शून्य, रीहीट शून्य, वीज कमी, अहवाल निष्कलंक. कागद ओला. गुन्हा घडला, पण नोंदवायला रकानाच नाही. अहवाल खोटा नाही. त्यात प्रश्नच विचारलेला नाही. आम्हांला खोट्या उत्तरांपेक्षा न विचारलेल्या प्रश्नांची भीती जास्त वाटते, कारण खोटं उत्तर निदान कधी तरी पकडलं जातं.

दुसरी जागा, तुलनेची. आपल्याकडे २००१चा ऊर्जा संवर्धन कायदा, त्याखाली २००७ची इमारत संहिता, २०१७ची तिची सुधारित आवृत्ती. संहितेत एक मार्ग असा आहे की आपल्या इमारतीचं मॉडेल एका पायाभूत मॉडेलशी ताडून बघायचं आणि आपली वीज कमी दाखवायची. अमेरिकी पद्धतीतही तेच. तुलनेची कल्पना उत्तम. पण अमेरिकी पद्धतीत मोठ्या कार्यालयांच्या पायाभूत मॉडेलमध्ये रीहीटवाली यंत्रणाच धरलेली असते. आता आपल्याकडच्या गरम गावात, जिथे अशा कॉइल फार थोडे लोक बसवतात, तिथे ही पद्धत उचलून लावली की काय होतं? पायाभूत इमारत हीटर लावून बसते, आपली इमारत बसत नाही, आणि आपण एवढी टक्के बचत केली म्हणून फलक लावतो. आपल्या परंपरेत वादाचा एक धर्म होता : पूर्वपक्ष जितका बळकट मांडाल तितकं तुमच्या सिद्धांताला मोल. दुबळा पूर्वपक्ष उभा करून त्याला पाडणं हा वाद नव्हे. पायाभूत मॉडेल हा पूर्वपक्ष आहे. तो जर कोणी बांधतच नाही अशा इमारतीचा असेल, तर जिंकलो कोणाशी?

तिसरी जागा, बिलाशी जुळवणीची. कोणी म्हणेल, इमारत उभी राहिल्यावर खऱ्या बिलाशी ताडून बघू, मग खोटं आपोआप उघडं पडेल. जुळवणीच्याही मर्यादा ठरलेल्या आहेत : मासिक बिलांसाठी एकूण कल ५ टक्क्यांच्या आत, महिन्यागणिक चढउतार १५ टक्क्यांच्या आत. पण बेरीज जुळली म्हणजे हिशोब जुळला असं होत नाही. रीहीट कमी धरलं आणि दिव्यांची वीज तेवढी जास्त धरली, तरी बेरीज तीच. शिवाय मॉडेलमधली झडप कधी गळत नाही. खऱ्या इमारतीतली गळते. गरम पाण्याच्या कॉइलची झडप नीट मिटली नाही की बारा महिने चोरपावलांनी रीहीट चालू राहतं, आणि गार करणारं यंत्र मुकाट्याने त्याची भरपाई करत बसतं. दालनात कोणालाच काही जाणवत नाही. म्हणून कॉइलच्या आधी आणि नंतर एकेक तापमापक लावा. दोन आकडे. पन्नास पानी अहवालापेक्षा ते जास्त खरं सांगतील.

१९९४ साली नाओमी ओरेस्किस आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 'सायन्स' नियतकालिकात एक लेख लिहिला होता. भूविज्ञानातल्या संगणकी मॉडेलांबद्दल होता, पण आपल्याला लागू आहे. त्यांचा युक्तिवाद असा की खुल्या जगाचं मॉडेल 'सत्य सिद्ध झालं' असं कधीच म्हणता येत नाही. मग ते कशासाठी? प्रश्न नीट विचारायला. आम्ही त्यात एवढीच भर घालू : मॉडेल साक्षीदारासारखं वागवावं. साक्षीदार गडबडतो, चुकीचं ऐकलेलं सांगतो, साठ माणसं होती म्हणतो आणि असतात बारा. त्याची उलटतपासणी घ्या, कसून घ्या. पण न आवडणारं बोलला म्हणून त्याला कोर्टाबाहेर काढू नका.

कोणी विचारेल, मग काय, पावसाळ्यात तापवतच बसायचं? नाही. खरं रीहीट ओळखल्यावरच खरा उपाय सुचतो. गार करणारं यंत्र उष्णता बाहेर फेकतंच आहे. तीच पकडून हवा तापवायला वापरता येते, नवी वीज लागत नाही. किंवा कॉइलच्या दोन्ही बाजूंनी फिरणारी उष्णता-नळी बसवली, तर येणाऱ्या गरम हवेची उष्णता जाणाऱ्या गार हवेला मिळते : गार करणं थोडं सोपं आणि तापवणं फुकट. किंवा ओल शोषणारा पदार्थ वापरून पाणी वेगळ्या मार्गाने काढायचं. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे ओल आत येऊच न देणं : दारं, रिळं ठेवायची जागा, ताजी हवा गरजेपुरतीच. पण हे सगळे उपाय तांबड्या रेघेकडे बघून सुचतात. रेघ पुसणाऱ्याला यातलं काहीच सुचणार नाही, कारण त्याच्या लेखी प्रश्न संपलेला आहे.

त्या मुलीने शेवटी दोन आलेख दिले. एकात मे महिन्याचं रीहीट कुठल्या चुकीमुळे आलं आणि कसं गेलं. दुसऱ्यात पावसाळ्याचं रीहीट का राहिलं, आणि ते फुकटच्या उष्णतेने कसं भागवता येईल. सोबत एक वाक्य : यंत्रणेची किंमत पहिल्या अंदाजापेक्षा वाढेल. वरिष्ठांना ते वाक्य आवडलं नाही. तिला थोडे दिवस बोलणी खावी लागली. पण तिने ते खोडलं नाही. आम्ही चाळीसेक वर्षं वर्गात हेत्वाभास शिकवले. त्यातला एक तरी कुठे उपयोगी पडला का, हे शिक्षकाला सहसा कळत नाही. आम्हांला या वेळी कळलं.

जाता जाता एवढंच. आपल्या घरांतही आता एसी आले. पावसाळ्यात एसी लावतो, रात्री गारठतो आणि दुलई ओढून घेतो. ती दुलई म्हणजे आपलं घरगुती रीहीट. (हशा) हसू नका. तिला वीज लागत नाही, पण प्रश्न तोच आहे. आपल्याला गारवा हवा होता की कोरडेपणा? आज रात्री दुलई ओढण्याआधी हा प्रश्न एकदा स्वतःला विचारून बघा, आणि एसीचा आकडा दोन अंशांनी वर करून पंखा लावून बघा. एका वेळी एकच बदल मात्र. नाही तर पंख्याने बरं वाटलं की आकड्याने, ते कळायचं नाही.